यंत्राची चुकलेली तारीख

वसईजवळील अर्नाळ्याच्या होडीवर वाटेची नोंद ठेवणारें एखादें जुनें जी. पी. एस. यंत्र असेल, तर तें जागा बिनचूक सांगेल. पण २० जानेवारी २०२४ ची फेरी ५ जून २००४ ला झाली, असेंही बजावील! ६ जानेवारी १९८० पासून उपग्रहांची जुनी संदेशपद्धति आठवडे मोजते. १०२४ भरले कीं गणना पुन्हां शून्यावर. १९९९ च्या ऑगस्टांत व २०१९ च्या एप्रिलांत हेंच घडलें. पूर्ण आठवड्यांचीच चूक, म्हणून वार मात्र जुळतो. शंका यावी कशी? एखाद्या कारकुनानें नुसतें सालच सुधारलें, तर फेरी पावसाळी मासेमारीबंदींत पडते आणि निरपराध तांडेल अडचणींत येतो. यंत्र टाकून देऊं नये. त्यानें दाखविलेल्या तारखेंत ७१६८ दिवस मिळवावे.