रात्रीच्या वर्गात शिकलेली पत्रकारिता

एक प्रश्न बरेच जण विचारतायत: "तू बीटेक झालेली, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतेस, मग संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजात जाऊन पत्रकारिता कशाला शिकतेस? नोकरी सोडणार आहेस का?" नाही, नोकरी सोडत नाहीये. पण उत्तर जरा सविस्तर आहे, म्हणून आजचा एपिसोड त्यावरच.

आधी कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय ते सांगते. अमेरिकेत ही सरकारी, दोन वर्षांची कॉलेजं. सगळ्यात जुनं इलिनॉय राज्यातलं जोलिएट, १९०१ सालचं. मी राहते त्या कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत. प्रवेश परीक्षा नाही, कटऑफ नाही. बारावी झालेली असो वा नसो, वय १८ पूर्ण असलं की दार उघडं. राज्यातल्या रहिवाशांना एका युनिटला ४६ डॉलर फी. दोन वर्षांच्या पदवीला ६० युनिट लागतात, म्हणजे २,७६० डॉलर, पुस्तकं वेगळी. मात्र भारतातून स्टुडंट व्हिसावर येणाऱ्यांना फी कितीतरी जास्त पडते, त्यामुळे हा आकडा ऐकून लगेच बॅग भरू नका. इथे आधीपासून राहणाऱ्यांसाठी ही सोय आहे. एच-फोर व्हिसावर आलेल्या आपल्या कितीतरी मराठी मुलींना नोकरीची परवानगी नसते, पण शिकायला आडकाठी नसते. हे त्यांच्यातल्या अनेकींना माहीतच नसतं.

आता अभ्यासक्रम. तीन गोष्टी मुख्य. एक, जनसंवादाची ओळख: छापखान्यापासून मोबाइलपर्यंत माध्यमं कशी चालतात, पैसा कुठून येतो, कायदा काय म्हणतो. दुसरी, बातमीलेखन. आणि तिसरी, प्रत्यक्ष वृत्तपत्र काढणं. क्यूपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजचं 'ला व्होझ', सॅन फ्रान्सिस्को सिटी कॉलेजचं 'द गार्ड्समन', ही अशी विद्यार्थ्यांनी चालवलेली वृत्तपत्रं आहेत.

माझ्या वर्गात कोण आहे ऐका. रात्रपाळी करणारी नर्सिंग असिस्टंट, सैन्यातून परतलेला एक जण, दोन मुलांची आई, नुकतीच शाळा संपवलेली पोरं, आणि मी. आमच्या बाई स्थानिक पेपरात अनेक वर्षं बातमीदारी करून आलेल्या. त्यांचा पहिला नियम: प्रत्येक वाक्यापुढे "हे तुला कोणी सांगितलं?" असं विचारायचं. "म्हणे" चालत नाही, "सूत्रांकडून समजते" तर अजिबात नाही. माणसाचं नाव, हुद्दा, किंवा कागद. आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला छापण्याआधी फोन करायचा, उत्तर द्यायला पुरेसा वेळ द्यायचा.

हे ऐकायला साधं वाटतं. पण गेल्या वर्षी त्याची खरी परीक्षा झाली. कॉलेजने संध्याकाळचे काही वर्ग बंद करायचं ठरवलं. कारण दिलं, विद्यार्थी कमी. ती नर्सिंग असिस्टंट दिवसा झोपते, तिला संध्याकाळचाच वर्ग जमतो. वर्ग गेला की तिचं शिक्षणच थांबणार. ती चिडली होती, पण बाई म्हणाल्या, "चिडून बातमी होत नाही. आकडे आण."

इथे कायदा उपयोगी पडला. कॅलिफोर्नियात ब्राउन ॲक्ट आहे, १९५३ चा. सार्वजनिक मंडळाला नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते आणि बैठकीत सामान्य माणसाला बोलू द्यावं लागतं. कॉलेजचं संचालक मंडळही त्यात येतं. शिवाय सरकारी कागद मागण्याचा कायदा आहे. अर्ज केला की माहिती देणार की नाही, हे साधारण १० दिवसांत कळवावं लागतं. तिने अर्ज केला, वर्गवार पटसंख्या मागितली. एक्सेल आलं. ते तपासायला मी मदत केली, तेवढाच माझ्या बीटेकचा उपयोग. बंद होणाऱ्या वर्गांपैकी काही खरंच रिकामे होते. पण तीन जवळजवळ भरलेले होते.

बातमीत दोन्ही गोष्टी छापल्या, रिकाम्या वर्गांचीही. प्रशासनाची बाजू छापली. ती बातमी कोणाला आवडली नाही, पण छापण्याआधी कोणी थांबवू शकलं नाही, कारण २००६ साली या राज्याने सरकारी कॉलेजांतल्या विद्यार्थी-वृत्तपत्रांवर अशी आगाऊ सेन्सॉरशिप आणायला कायद्याने मनाई केली आहे. पुढे तीनपैकी एक वर्ग परत सुरू झाला. दोन गेले ते गेलेच. तिचा वर्ग वाचला. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलाचा नाही वाचला, त्याने कॉलेज सोडलं.

म्हणून मी शिकते. पत्रकार व्हायलाच हवं असं नाही. पण कागद कुठे मागायचा, बैठकीत कधी उभं राहायचं, आकडा कसा पडताळायचा, हे येणारी चार माणसं गावात असली तर फरक पडतो. आणि ही चार माणसं फक्त महागड्या विद्यापीठातून येऊन चालत नाही, कारण रात्रपाळीवाल्यांच्या अडचणी रात्रपाळीवाल्यांनाच आधी कळतात.

तुम्ही महाराष्ट्रात असाल तर यासाठी अमेरिकेची गरज नाही. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नोकरी करणाऱ्यांसाठीही आहे. तिथे सध्या कोणते अभ्यासक्रम चालू आहेत ते विचारा. आणि कोर्सशिवायही सुरुवात होते. २००५ चा माहिती अधिकार कायदा तुमच्याकडे आहे: अर्जाला १० रुपये, उत्तराला ३० दिवस. गावात ग्रामसभा असते, तिथे बसायला कोणी डिग्री मागत नाही.

तर या आठवड्याचं काम. तुमच्या ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या पुढच्या सभेत कोणते विषय आहेत, ते शोधा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. सापडले नाहीत तर कुठे कुठे विचारलंत आणि कोण काय म्हणालं, ते नावानिशी सांगा. म्हणजे तुमची पहिली बातमी तयारच आहे. भेटू पुढच्या भागात!