परीक्षेला तिसरी खुर्ची

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचं नाव 'अभियांत्रिकी प्रकल्प आणि ग्राहकाची गरज' असं छापलंय. विषय मंडळानं दिला. मी तो लगेच घेतला, कारण त्यातून मला हवं तिथं जाता येतं. (हशा) कुठं जायचंय ते आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना उत्तर जुळवायला वेळ मिळेल. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेला इंटर्नल आणि एक्स्टर्नल अशा दोन खुर्च्या असतात. तिथं तिसरी खुर्ची हवी. प्रकल्प ज्याच्यासाठी केला तो माणूस तिच्यावर बसावा आणि 100 पैकी 25 गुण त्याच्या हातात असावेत. एवढंच म्हणायला मी आलोय.

रानड्यांनी 1875 साली पुण्यात व्याख्यानमाला सुरू केली तिथपासून आरंभ करण्याची पद्धत आहे. ते तुम्हाला पाठ आहे, सोडतो. भारत 2014 साली अभियांत्रिकी शिक्षणाच्या वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला, आपल्याकडे 'प्रोग्रॅम आउटकम'च्या याद्या आल्या, हेही पुढच्या रांगेतल्या प्राध्यापकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. यादी विभागाच्या भिंतीवर फ्रेममध्ये असते. तिसऱ्या कलमात चक्क लिहिलंय की विद्यार्थ्याला ठरलेल्या गरजेनुसार, समाजाचा आणि आरोग्याचा विचार करून रचना करता आली पाहिजे. फ्रेम पुसायला येणाऱ्या मावशींनी ते वाचलं असेल. (हशा)

आता प्रत्यक्षात काय होतं? जुलैत ग्रुप पडतात. गेल्या वर्षीचं ब्लॅक बुक, म्हणजे बाइंड केलेला प्रकल्प अहवाल, कुणाकडून तरी मिळतं. मग सुट्या भागांची खरेदी: मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड, पुण्यात असाल तर पासोड्या विठोबाचा परिसर. एक बोर्ड, दोन सेन्सर, एक रिले. फेब्रुवारीत दिवा पेटतो. आणि मार्चमध्ये, बाइंडिंगच्या आदल्या रात्री, पहिलं प्रकरण लिहिलं जातं: 'प्रकल्पाची गरज'. आधी सदरा शिवायचा आणि मग तो कोणाला होतो ते शोधत गावभर हिंडायचं. मागं कोण हसतंय ते दिसतंय मला. तुमचं बाइंडिंग झालेलं दिसतंय.

बरं, ज्यांना खराखुरा ग्राहक मिळतो त्यांचं तरी ठीक चालतं का? तिथं दुसरा घोळ. अमेरिकेत हार्वे मड नावाचं छोटं कॉलेज आहे. 1963 पासून तिथं बाहेरच्या कंपन्या आपल्या अडचणी विद्यार्थ्यांच्या गटाला देतात आणि त्याचे पैसेही मोजतात. तिथले क्लाइव्ह डिम हे प्राध्यापक रचनेचं शास्त्र शिकवताना तीन माणसं वेगळी काढायचे: रचना करणारा, काम सांगणारा आणि वापरणारा. आपण शेवटच्या दोघांना एकाच पिशवीत घालतो. काम सांगणारा लेटरहेडवर पत्र देतो, त्याची सही असते, तो उद्घाटनाला येतो. वापरणारा कुठं असतो? बहुतेक वेळा त्याला पत्ताच नसतो की आपल्यासाठी काही बनतंय.

दक्षिण आफ्रिकेतलं 'प्लेपंप' आठवा. मुलांचं गोल फिरणारं चक्र, त्याखाली पंप. मुलं खेळणार, पाणी टाकीत चढणार, टाकीवर जाहिराती लागणार. देणगीदार खूश. 2006 साली अमेरिकेत त्यासाठी 1 कोटी 64 लाख डॉलर जाहीर झाले. पुढं एका ब्रिटिश दैनिकानं हिशेब मांडला की ठरवलेल्या माणसांना पाणी पुरवायचं तर मुलांना दिवसाचे 27 तास खेळावं लागेल. (हशा) प्रत्यक्षात मुलं कंटाळून निघून जायची आणि पाण्याला आलेल्या बाया ते चक्र वाकून हातानं ढकलायच्या. पैसे देणाऱ्याच्या सगळ्या अटी तिथं पुऱ्या झाल्या होत्या बरं का. ढकलणारीला विचारायचं तेवढं राहिलं.

याच्या उलट गोष्ट विद्यार्थ्यांचीच आहे. 2007, स्टॅनफर्ड विद्यापीठ. कमीत कमी खर्चात रचना करायला शिकवणारा तिथं एक वर्ग आहे. एका गटाला काम मिळालं: अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी स्वस्त इन्क्युबेटर. पाश्चात्त्य इन्क्युबेटर 20,000 डॉलरच्या घरात. यांनी 1 टक्क्यात करायचा. आपला ग्रुप असता तर दुसऱ्याच दिवशी पुठ्ठ्याची पेटी आणि बल्ब आला असता. यांच्यातला लायनस लियांग नेपाळला गेला. तिथल्या रुग्णालयात त्याला दिसलं की दान म्हणून आलेले इन्क्युबेटर चक्क रिकामे आहेत. डॉक्टरांनी कारण सांगितलं: अशी बाळं जन्मतात दूरच्या खेड्यांत, आणि इथवर पोचतच नाहीत. म्हणजे काम सांगणाऱ्यानं मागितली होती स्वस्त पेटी, आणि गरज होती ती पेटीपासून मैलोगणती लांब, वीज नसलेल्या घरात. गटानं वाक्य बदललं. खेड्यातल्या आईबापांना बाळ ऊबदार ठेवता आलं पाहिजे, असं झालं ते. त्यातून निघालं 'एम्ब्रेस': लहानशी झोपण्याची पिशवी आणि तिच्यात मेणासारख्या पदार्थाची थैली. थैली आधी गरम करायची. तो पदार्थ 37 अंशांच्या आसपास गोठतो, आणि गोठेपर्यंत सुप्त उष्णता सोडत काही तास तेच तापमान धरून ठेवतो. सुप्त उष्णता तुम्ही अकरावीत शिकलात आणि बारावीत विसरलात.

पण मला आवडतो तो याचा पुढचा भाग, आणि तो आपल्या महाराष्ट्रात घडला. गटातला राहुल पणिक्कर नमुना घेऊन इथल्या एका छोट्या गावी गेला. थैलीवर तापमान दाखवणारी पट्टी होती, आकड्यांची. 37 पर्यंत तापवा, असं त्यानं एका आईला समजावलं. तिचं उत्तर काय असेल? ती म्हणाली, इंग्रजी औषध फार कडक असतं. डॉक्टरांनी एक चमचा सांगितला तर आम्ही अर्धाच देतो. तुम्ही 37 म्हणताय, तर मी 30 पर्यंतच तापवीन, बाळाला बाधायला नको. आता सांगा, कुठल्या ब्लॅक बुकात ही अट सापडली असती? प्रयोगशाळेत पट्टी अचूक होती. त्या बाईच्या घरात ती बाळाला गार पाडणार होती. त्यांनी आकडे काढून टाकले आणि पुरेसं तापलंय की नाही, एवढंच दाखवणारी खूण ठेवली. मला विचाराल तर त्या प्रकल्पाची खरी एक्स्टर्नल ती बाई.

(टाळ्या)

थांबा, एवढ्यात नको. माझी स्वतःची एक गोष्ट आहे. दोन मिनिटांची.

एका कॉलेजात मी एक्स्टर्नल म्हणून गेलो होतो. नाव विचारू नका, चहा उत्तम होता. (हशा) प्रकल्प होता पापड लाटायचं यंत्र. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर, दोन तबकड्या, एका दाबात चार लाट्या. ग्राहक म्हणून एका बचत गटाचं पत्र जोडलेलं. अट एकच, ताशी अमुक इतके पापड, आणि ती पुरी झाली होती. प्रात्यक्षिकाला उडदाचं पीठ हवं म्हणून पोरांनी गटातल्याच एका ताईंना बोलावलं होतं. त्या कोपऱ्यात डबा घेऊन उभ्या. त्यांना बसा म्हणायचंही कोणाला सुचलं नव्हतं. यंत्र चाललं, पापड पडले, सगळे खूश. ताई पुढं आल्या, तबकडीच्या कडेला बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ह्यात अडकलेलं पीठ काढायचं कशानं?" ग्रुप लीडर म्हणाला, "पान्यानं. आठ बोल्ट आहेत." ताई म्हणाल्या, "रोज?"

कोणी बोलेना. उडदाचं पीठ, त्यात पापडखार आणि तेल. ते फटीत रात्रभर राहिलं तर सकाळी वास. मग ताईंनी दुसरं विचारलं. "आणि पावसाळ्यात वाळवायचे कुठं?" मी त्यांना बसवलं आणि विचारत गेलो. लाटण्याचं त्यांना काहीच ओझं नव्हतं. दुपारी चौघी जमतात, गप्पा मारत लाटतात, किलोवर मजुरी मिळते. काम अडतं ते जून ते सप्टेंबर, ऊन नसतं तेव्हा. त्या चार महिन्यांत मजुरी निम्म्यावर येते. लेटरहेडवर सही करणाऱ्या अध्यक्षीणबाई स्वतः पापड लाटत नव्हत्या, त्यांना मोठी ऑर्डर दिसत होती. पोरांनी त्यांना विचारलं, त्यांनी यंत्र सांगितलं. आणि गंमत पहा, यंत्रानं दुप्पट पापड लाटले असते तर वाळवायचे आणखी दुप्पट उरले असते, शिवाय मजुरीचा हिशेब कसा करायचा यावरून भांडणं.

मी ताईंना म्हटलं, "माझ्याकडच्या पन्नासपैकी किती द्यायचे या पोरांना?" त्या म्हणाल्या, "कष्ट केलेत लेकरांनी, द्या की चांगले!" (प्रचंड हशा)

हसा, हसा. मला ठाऊक आहे तुम्ही का हसताय. माझा मुद्दा माझ्याच साक्षीदारानं पाडला असं वाटतंय ना? पण प्रश्न माझा चुकीचा होता. मी लगेच दुसरा विचारला, "उद्या हे यंत्र घरी न्याल का?" त्या म्हणाल्या, "ठेवू कुठं?" झाले गुण.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. वहीत तर अजून सात पानं दिसतायत. मग पद्धतीचं थोडक्यात सांगतो.

सप्टेंबरात अटींचा एक कागद करायचा. 'वापरायला सोपं', 'हलकं', 'स्वस्त' हे शब्द त्यावर चालणार नाहीत. 'धुवायला सोपं' ऐवजी लिहा: कुठलंही हत्यार न घेता सुटावं आणि 15 मिनिटांत धुऊन व्हावं. 'सोपं' ऐवजी: पहिल्यांदा पाहणाऱ्या बाईला कोणी न सांगता 10 मिनिटांत सुरू करता यावं. 'आटोपशीर' ऐवजी तिच्या दाराची रुंदी मोजून आणा. प्रत्येक ओळीपुढं तपासायचं कसं ते. जी अट मोडली तर काम फुकट, ती वेगळी. जी जितकी जास्त तितकं बरं, ती वेगळी. दोन गोष्टींत ओढाताण असेल, किंमत की वजन, तर जोड्या लावून वापरणाऱ्यालाच विचारा यातलं आधी काय. अट पुढं बदलली तर खोडा, पण खोडरबरानं नको. रेघ मारा आणि तारीख घाला. 37चा आकडा का गेला हे तारखेसकट दिसलं पाहिजे.

एप्रिलात तोच कागद तिसऱ्या खुर्चीची प्रश्नपत्रिका.

हं, सर, बोला... यांचं म्हणणं असं, की सामान्य माणसाला अभियांत्रिकी कळत नाही, तो गुण कसले देणार? रास्त आहे. शाफ्टवरचा ताण, अर्थिंग, खाण्याच्या संपर्कात येणारं पोलाद कोणत्या प्रतीचं, हे तुम्हीच तपासा. ते 75 गुण तुमचेच आहेत, मी हात लावत नाही. पण वापरणाऱ्याला काही कळत नाही, हे मी मानणार नाही. जयपूर फूट हा कृत्रिम पाय कसा झाला? परदेशी नमुन्याचा पाय बूट घातल्याशिवाय चालत नव्हता आणि त्यावर उकिडवं बसता येत नव्हतं. लोक तो कोपऱ्यात ठेवून कुबड्या घ्यायचे. मांडी घालता यावी, अनवाणी चालता यावं, ओल्या शेतात उतरता यावं, या अटी आल्या त्या रुग्णांकडून. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी त्या मानल्या. सेठींना 1981 साली मॅगसेसे मिळालं. आणि एक सांगतो, ठरलेल्या 25 गुणांतली एखादी ओळ वापरणाऱ्याला तपासताच येत नसेल, तर ती ओळ तुमच्या विद्यार्थ्यानं नीट लिहिलेली नाही. त्याचे गुण तिथंच कापा.

घंटा झाली. विद्यापीठाची परवानगी लागेल, असं कोणीतरी पुढच्या रांगेत म्हणतंय. 25 गुणांना लागेल, खुर्चीला लागत नाही. येत्या परीक्षेत बिनगुणांची खुर्ची ठेवून पहा. जे कॉलेज ठेवेल तिथं मी मानधन न घेता एक्स्टर्नल म्हणून येईन.

आणि इतरांसाठी. दाराशी कार्यवाहांनी एक वही ठेवली आहे. ज्यांच्या कामात, दुकानात, शेतात, घरात रोज काहीतरी अडतं, त्यांनी जाताना त्यात लिहून जा. यंत्र कुठलं हवं ते लिहू नका, काय अडतं ते लिहा. आणि ते अडत असताना मुलांना तुमच्याकडे कधी येऊन बसता येईल, ती वेळही लिहा.