कृष्णवर्णीय स्त्री आणि समाजाचे पूर्वग्रह
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



माणसाला न भेटताच त्याच्याविषयी मत बनवण्याची खोड जगात सर्वत्र आहे. आज मी तिचे एकच उदाहरण घेणार आहे : अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्री.

गुलामगिरीच्या काळात तिच्याविषयी दोन समज रूढ झाले. एक, ती मालकाची मुले आनंदाने सांभाळणारी स्वामिनिष्ठ दाई आहे. दुसरा, ती मुळातच बदफैली आहे. पहिल्या समजाने गुलामी सुखाची ठरत होती. दुसऱ्याने मालकाचा अत्याचार झाकला जात होता. म्हणजे हे समज अज्ञानातून नव्हे, सोयीतून जन्मले.

१८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, समज उरले. हॅटी मॅक्डॅनियल ही ऑस्कर पारितोषिक मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय कलावंत. १९४० साली तिला ते मिळाले तेही दाईच्याच भूमिकेसाठी, आणि त्या समारंभात तिला इतरांपासून वेगळ्या टेबलाशी बसवण्यात आले. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून घरकाम व शेतमजुरी करणारे वगळले गेले. असंख्य कृष्णवर्णीय स्त्रिया हीच कामे करीत होत्या. पिढ्यानपिढ्या राबलेल्या याच स्त्रीला पुढे, १९७० नंतर, सरकारी मदतीवर चैन करणारी आळशी बाई म्हणून हिणवले गेले!

'ती कणखर आहे, तिला दुखत नाही' हा समज तर जिवावर बेततो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका पाहणीत गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी व शिकाऊ डॉक्टरांपैकी सुमारे निम्म्यांनी 'काळ्यांची कातडी जाड असते' यासारखे एखादे तरी चुकीचे विधान खरे मानले होते. टेनिसपटू सेरेना विल्यम्स २०१७ मध्ये बाळंत झाली. फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या झाल्याची शंका तिने स्वतः बोलून दाखवली, तेव्हा औषधाने तिचा गोंधळ उडाला असावा, असे परिचारिकेला वाटले. तिने आग्रह धरला, तपासणी झाली आणि गुठळ्या सापडल्या. जगप्रसिद्ध स्त्रीची ही कथा, मग सामान्य बाईचे कोण ऐकणार? २०२१ मध्ये तेथे दर लाख जिवंत जन्मांमागे ६९.९ कृष्णवर्णीय माता दगावल्या. गोऱ्या मातांचे प्रमाण २६.६ होते. याला गरिबीसारखी इतर कारणेही आहेत, पण न ऐकणारा कान हे त्यांतले एक आहे.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. त्यांना तेथील दुःख आपले वाटले. आपल्याला वाटते का?

पालकहो, स्थळ पाहताना 'मुलगी चांगली आहे, पण काळी आहे' हे वाक्य आपल्याच घरांत उच्चारले जाते. दाराआड उभी असलेली मुलगी ते ऐकते आणि हळूहळू खरे मानू लागते. आपल्याविषयी लोकांनी बांधलेल्या समजांचा आपल्याला राग येतो, तो रास्तच आहे. मग आपणही दुसऱ्याला, निदान आपल्या लेकीला, तरी तशा मापाने मोजू नये.

विद्यार्थिनींनो, तुमचे मोल तुमच्या रंगावरून ठरवण्याचा अधिकार कुणालाही देऊ नका.