उपग्रहाचा एक गुंठा
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



“तू नेमकं करतेस काय?” असं सकाळपासून निदान दहा जणांनी विचारलं. नोकरी सॉफ्टवेअरची, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण गेली सहा वर्षं महिन्यातले दोन शनिवार मी आपल्या शहरात सुदूर संवेदन शिकवायला येते. उपग्रहाने टिपलेल्या चित्रांवरून जमीन, पाणी, पीक ओळखायचं हे शास्त्र. त्याविषयीच बोलते, कारण तुमच्याकडे माझं एक काम आहे.

मार्च १९८८मध्ये भारताचा आयआरएस-१ए उपग्रह गेला, तेव्हा आपण दुसरी-तिसरीत होतो. त्याच्या एका कॅमेऱ्याच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर साडेबहात्तर मीटर लांब-रुंद होता, म्हणजे साधारण सव्वा एकर. आज युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचा ठिपका दहा मीटरचा आहे. शंभर चौरस मीटर, म्हणजे जवळपास आपला एक गुंठा! ही चित्रं फुकट मिळतात. अमेरिकेनेही २००८मध्ये लँडसॅटची चित्रं सगळ्यांना खुली केली. ती उघडायला क्यूजीआयएस नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था २००७पासून देशभरच्या विद्यापीठांसाठी दूरस्थ वर्ग घेते. १९६६मध्ये ही संस्था डचांच्या मदतीने उभी राहिली. १९९५मध्ये त्याच डेहराडूनमध्ये आशिया-पॅसिफिकमधल्या देशांसाठी संयुक्त राष्ट्रांशी संलग्न केंद्र सुरू झालं. काल शिकणारे आज शिकवू लागले.

मग अडतं कुठे? चित्रं आली, सॉफ्टवेअर आलं, पण धड्यांतली उदाहरणं परक्या मुलखाची राहिली. तिकडे शेकडो एकर सलग मका. आपल्याकडे तीन एकरांत कपाशी, मधून तुरीच्या ओळी, बांधावर बोर-बाभूळ. एका गुंठ्याच्या ठिपक्यात हे सगळं मिसळून जातं. शिवाय आपलं मुख्य पीक खरिपाचं, आणि तेव्हा आभाळ भरलेलं. साध्या कॅमेऱ्याला ढगच दिसतात. रडारचा उपग्रह ढगांतून पाहतो, पण त्याचं चित्र वाचणं अवघड, म्हणून अनेक ठिकाणी तो भाग शेवटच्या आठवड्यात उरकतात.

दोन वर्षांपूर्वी मार्चअखेर मुलांनी पडद्यावर नाल्याकाठचा हिरवागार पट्टा पाहिला आणि “ऊस” असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी फुलंब्रीकडे जाऊन पाहिलं, तर ती वेडी बाभूळ! हिरवं पान डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण भरपूर परत फेकतं, म्हणून ते चित्रात उठून दिसतं. पण ते पान उसाचं की बाभळीचं, हे एका चित्रावरून सांगणं कठीण. महिन्यामहिन्याची चित्रं लावून पाहावी लागतात आणि बांधावर जाऊन खात्री करावी लागते. वर्गातल्या एका मुलीचे वडील शेतकरी. ती म्हणाली, “मॅडम, एवढ्या उन्हात नाल्याकाठी ऊस कोण लावतंय? घरी विचारलं असतं तरी कळलं असतं.” ती आज आमच्या वर्गातली सगळ्यात बारकाईने पाहणारी विद्यार्थिनी आहे.

हे नुसतं परीक्षेपुरतं नाही. पीक विम्यात उत्पादनाचा अंदाज बांधायला आता उपग्रहांचा आधार घेतला जातो. उद्या संगणक म्हणाला, “पीक चांगलं आहे”, आणि शेतात गुडघाभर पाणी असलं, तर त्या निष्कर्षाला प्रश्न कोण विचारणार? चित्र कसं वाचलं हे समजणारं माणूस तालुक्यात असलं, तरच तो प्रश्न नीट मांडता येईल.

म्हणून माझं मागणं. तुमच्यापैकी कितीतरी जणांची शेती आहे. पैठण, गंगापूर, वैजापूर, सिल्लोड, कुठेही असो. गट कुठला, पीक कोणतं, पेरणी कधी झाली, मध्ये आंतरपीक काय, एवढं हंगामात दोनदा आम्हाला कळवा, आणि वर्षातून एक दिवस मुलांना बांधावर उभं राहू द्या. आपल्या मातीची उदाहरणं त्यातूनच तयार होतील. आणि सर, बाई, तुम्ही आम्हाला नकाशा उत्तरेकडे तोंड करून धरायला शिकवलं होतं. महाविद्यालयातल्या मुलांनाही ते पुन्हा शिकवावं लागतं. एखाद्या शनिवारी वर्गावर याल का?

नावं लिहायला वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. जेवायला जाण्याआधी लिहा, म्हणजे विसरणार नाही.