फळ्यावरचा चैत्र



वसंत ऋतू आला की कवी मंडळींना पळस, पांगारा आणि आंब्याचा मोहोर आठवतो. मीही त्याच जातकुळीतला, तेव्हा मलाही आठवतो. पण गेली काही वर्षं गावाकडे गेलो, की एस.टी.तून उतरल्यावर माझी नजर आधी ग्रामपंचायतीच्या फळ्याकडे जाते. वसंत तिथंही आलेला असतो. त्याची तऱ्हा मात्र निराळी. आज तुमच्याशी त्या फळ्याविषयी बोलायचं आहे.

फाल्गुन-चैत्राच्या सुमारास हा फळा जितका भरलेला असतो, तितका वर्षात क्वचितच असतो. घरपट्टी-पाणीपट्टी भरण्याची सूचना, विहिरीत टीसीएल पावडर टाकल्याची नोंद, लसीकरणाचा वार, जत्रेच्या नियोजनाची बैठक, नळाच्या बदललेल्या वेळा आणि १ मेच्या ग्रामसभेची नोटीस. गावाची सगळी बातमी तीन फूट बाय चार फुटांत.

या मजकुराची भाषा मोठी गमतीची असते. 'सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की...' कोण कळवतो ते वाक्यात नसतं. कोणाला कळलं, हेही कोणी विचारत नाही. माझ्या लहानपणी दवंडी पिटली जायची. आमच्या गावचा कोतवाल 'ऐका हो ऐका' म्हणून थांबायचा, बायामाणसं दारात यायची, कोणीतरी विचारायचं, "म्हंजे नक्की कवा रं?" आणि तो पुन्हा सांगायचा. त्याला लिहितावाचता येत नव्हतं, पण उलटा प्रश्न त्याला करता यायचा. फळ्याला प्रश्न विचारता येत नाही. आता भ्रमणध्वनीवर गावाचे गट आहेत. तिथं सूचना क्षणात येते आणि शुभेच्छांच्या फुलांखाली क्षणात गाडलीही जाते.

माझी एक फुफी होती, म्हणजे आत्या. ती आमच्या गावाहून दहा-बारा कोसांवरच्या खेड्यात राहायची. तिचे यजमान वारले, मुलं पोटामागं शहरात गेली. दोन खोल्यांचं कौलारू घर आणि अंगणात एक शेवग्याचं झाड, एवढा तिचा संसार. दर मार्चमध्ये पंचायतीचा शिपाई वसुलीला आला, की ती लुगड्याच्या गाठीतून पैसे काढून घरपट्टी भरायची. तिनं कधी थकबाकी ठेवली नाही.

एकदा पाडव्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेलो होतो. तिनं पत्र्याच्या डब्यातून पावत्यांचा गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "बेटा, तू बी.ए. झालेला, मला एवढं सांग. पैसे मी भरते आणि पावती त्यांच्या नावानं फाटते. ते काय कबरीतून उठून येतात भरायला?"

मी हसलो, पण ती हसत नव्हती. तिला घरात नळ हवा होता. नळासाठी अर्ज केला, तर पंचायतीनं घराचा नमुना आठचा उतारा मागितला. उताऱ्यावर मयताचं नाव. नाव बदलायचं तर मृत्यूचा दाखला हवा. आणि दाखला नव्हता, कारण मृत्यूची नोंदच कोणी केली नव्हती.

इथं जरा थांबून नियम सांगतो, कारण तो प्रत्येक घराला लागू आहे. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्म किंवा मृत्यू झाल्यापासून २१ दिवसांच्या आत नोंद करायची असते. घरात माणूस गेला, तर कळवण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखाची. मुदतीत नोंद केली, की पहिला दाखला मोफत मिळतो. त्यानंतर विलंब शुल्क लागतं आणि वर्ष उलटलं, तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. आपल्याकडे दहावा होतो, तेरावा होतो, आमच्याकडे चाळिसावा होतो. मयताला खांदा द्यायला अख्खा गाव येतो. पण एकविसावा दिवस कोणाच्याच लक्षात राहत नाही. फुफीच्या घरी पन्नास माणसं चाळिसाव्याला जेवली होती. त्यांत मीही होतो. एकालाही पंचायतीच्या रजिस्टरची आठवण झाली नाही. पंचायतीनं विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

नमुना आठ म्हणजे ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही. तो काही मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. पण खेड्यात नळ, वीज, घरकुल, कर्ज, या सगळ्यांची वाट त्या एका कागदावरून जाते. राज्याच्या ग्रामविकास विभागानं २००३ साली परिपत्रक काढून सांगितलं, की गावातल्या घरांची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावानं करावी. त्याच्याही आधी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची चळवळ करून शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावलं होतं. म्हणजे विचार जुना आहे, सरकारी कागदही आहे. फुफीच्या यजमानांच्या हयातीत तो कागद निघाला होता. कदाचित फळ्यावर लागलाही असेल. पण फुफीला अक्षर येत नव्हतं आणि ज्यांना येत होतं, त्यांना ते वाचून दाखवण्याची गरज वाटली नाही.

आता फळ्यावरची दुसरी गोष्ट, पाणी. चैत्रात विहिरी तळ दाखवू लागतात. आपल्या राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, त्यातली एक मोजणी मार्चमध्ये असते. टंचाईचा कृती आराखडाही तीन टप्प्यांचा असतो: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून. गावाला टँकर हवा असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव पंचायत समितीकडे जावा लागतो, मग गटविकास अधिकारी आणि तहसीलदार संयुक्त पाहणी करतात. तहान मे महिन्यात लागते, पण कागद मार्चमध्ये हलावा लागतो. ज्या गावानं फाल्गुनात ठराव केला, त्याच्या दारात टँकर वेळेवर येतो. ज्यानं जत्रा उरकल्यावर बघू म्हटलं, त्याच्या बाया हंडे घेऊन शेजारच्या शिवारात जातात.

आणखी एक. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये आरोग्य खात्याची माणसं पाण्याच्या स्रोतांची स्वच्छता तपासतात आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतात. लाल म्हणजे धोका. तुमच्या गावाला कोणतं कार्ड मिळालं, हे तुम्हाला माहीत आहे का? मला माझ्या गावाचं माहीत नव्हतं. विचारायला गेलो, तेव्हा ते कपाटातून काढून दाखवण्यात आलं. बघा, 'दाखवण्यात आलं'. मलाही तीच भाषा लागली! पाणी अख्खा गाव पितो, तर ते कार्ड फळ्यावर हवं, एवढंच मी नम्रपणे सुचवलं. ते लागलं.

तर फुफीची गोष्ट अर्धी राहिली. मुलांशी बोलणं झालं. थोरला म्हणाला, "अम्मीचं नाव कशाला लावायचं? उद्या पुन्हा बदलावंच लागेल." त्याच्या मनात वाईट नव्हतं. व्यवहार म्हणून बोलला. पण आईच्या डोळ्यांदेखत तिच्या नंतरचा हिशेब झाला, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. फुफी गप्प बसली. मग मला म्हणाली, "शरीअतमध्ये बायकोचा आठवा हिस्सा आहे ना? आणि हा कागदही नमुना आठच. मग माझं नाव कुठं बसत नाही?" या युक्तिवादाला थोरल्याकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं.

तेवढ्यात १ मेच्या ग्रामसभेची नोटीस लागली होती. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लावायची असते. गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांत जी संख्या कमी असेल तेवढी माणसं हजर लागतात. ती जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते. म्हणजे आपण गेलो नाही, तरी सभा होते आणि आपल्याविना ठराव होतात. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असंही कायदा सांगतो. महाराष्ट्रात २०११पासून पंचायतींच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. तरीही गावातल्या कितीतरी बायका या महिला सभेची वही घरी सही-अंगठ्याला आली, एवढ्यावरच तिला ओळखतात.

फुफी त्या महिला सभेला गेली. शेजारच्या दोघी तिच्याबरोबर गेल्या. तिनं पावत्यांचा डबा टेबलावर ठेवला आणि मला विचारलेलाच प्रश्न सरपंचबाईंना विचारला. असं म्हणतात, की त्या दिवशी आणखी अकरा जणी उठल्या. कोणाची पावती नवऱ्याच्या नावानं, कोणाची सासऱ्याच्या, एकीची तर आजेसासऱ्याच्या नावानं. सगळ्या जातींच्या, सगळ्या गल्ल्यांतल्या. मेलेल्यांच्या नावे गाव भरलेलं आणि कर मात्र जिवंत बाया भरतात!

पुढचं काम सोपं झालं नाही. मृत्यूच्या नोंदीसाठी तालुक्याला खेपा झाल्या, मुलांची संमतीपत्रं आली, मासिक सभेत ठराव झाला. पुढल्या पाडव्याला तिनं मला पावती दाखवली. सगळ्या वारसांची नावं होती आणि पहिलं तिचं होतं. नळ त्यानंतर दोन महिन्यांनी आला. ती आता हयात नाही. तिच्या मृत्यूची नोंद थोरल्यानं सहाव्या दिवशी केली.

श्रोतेहो, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं आणि १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा कामाला लागल्या. कारभार लोकांच्या दारात यावा, हा त्यामागचा हेतू होता. २०१५पासून आपल्या राज्यात लोकसेवा हक्क कायदाही आहे. कोणती सेवा, किती दिवसांत, किती शुल्कात आणि न मिळाल्यास अपील कोणाकडे, हे प्रत्येक कार्यालयानं दर्शनी भागात लावलंच पाहिजे. जन्म, मृत्यू आणि विवाहाचे दाखले, नमुना आठचा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला, या ग्रामपंचायतीच्या सेवा त्यात येतात. विनाकारण टाळाटाळ करणाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद आहे. भांडायला जा, असं मी म्हणत नाही. ज्यांना आपण कालपरवापर्यंत ग्रामसेवक म्हणत होतो आणि २०२४पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतो, त्या एका माणसाकडे अनेकदा दोन-दोन गावं असतात. त्याच्याही पाठीवर ओझं आहे. पण अर्ज लेखी द्या, त्याची पोच घ्या आणि तारीख लक्षात ठेवा.

या वसंतात एवढं करा. घरपट्टीची पावती काढून तिच्यावर कोणाचं नाव आहे ते बघा. ते नाव हयात माणसाचं नसेल, तर आताच अर्ज करा. घरात आई, बायको, बहीण असेल, तर तिचं नाव कुठं आहे ते तिला वाचून दाखवा. नव्या वर्षाचा कर पहिल्या सहा महिन्यांत भरला, तर पाच टक्के सूट मिळते, तीही घ्या. आणि १ मेला झेंडावंदन झाल्यावर लगेच घरी जाऊ नका. ग्रामसभेला बसा. फळ्यापाशी एखादी म्हातारी उभी दिसली, तर तिला विचारा, "मावशी, वाचून दाखवू का?"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)