आडनावातला 'वार' कुठून आला?



महागावसारख्या तालुक्याच्या गावी शाळेत हजेरी घेणे म्हणजे रोज थोडा भूगोल वाचणे असते. माझी सारी नोकरी या हजेरीपटासमोर गेली. एका पानावर राठोड, चव्हाण, पवार, आडे. दुसऱ्या पानावर मडावी, आत्राम, टेकाम. मध्येच देशमुख, कदम, शिंदे. आणि त्यांच्याच शेजारी चिंतावार, कोंडावार, गादेवार, मामीडवार. पहिल्या आडनावांबद्दल मुले काही ना काही सांगत. कुणी म्हणे, आमचा तांडा; कुणी म्हणे, आमची पाटीलकी. पण 'वार'वाल्या मुलांना विचारले की ती एकमेकांकडे पाहून हसत. सर, ते आधीपासूनच आहे! आज या 'आधीपासून'बद्दलच थोडे बोलायचे आहे.

मराठी माणसाला आडनावाचा शेवट 'कर' झाला की गाव कळते. 'कट्यार काळजात घुसली' लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर म्हटले की आपल्याला दारव्हा आठवतो. पण यात एक गंमत आहे. दारव्ह्यात राहणाऱ्याला कुणी दारव्हेकर म्हणत नाही. तिथे सगळेच दारव्ह्याचे! गाव सोडून माणूस नागपूरला किंवा आणखी कुठे गेला की तिथले लोक त्याला दारव्हेकर म्हणू लागतात. म्हणजे 'कर' हे गाव सोडल्याची पावती असते. तसाच 'वार' हाही एक पावतीच आहे. फरक इतकाच, की 'कर' गाव सांगतो आणि 'वार' भाषा सांगतो.

ती भाषा तेलुगू. तेलुगूत 'वारु' म्हणजे 'ते लोक', 'ती मंडळी', आदराने. तेलुगू माणसाला त्याच्या नावाआधी घराण्याचे नाव असते; त्याला 'इंटी पेरु' म्हणजे घराचे नाव म्हणतात. घराणे चिंता असेल तर त्या घरची माणसे 'चिंता वारु'. आपण 'पाटलांकडचे', 'देशमुखांकडचे' म्हणतो तसेच. आजही तेलुगू लग्नपत्रिकेवर 'अमुक वारी पेळ्ळी पिलुपु', म्हणजे 'अमुकांकडील लग्नाचे बोलावणे', अशी अक्षरे दिसतात. मराठी मुलखात आल्यावर 'वारु'चा शेवटचा उकार गळाला, आधीच्या शब्दाशी तो जोडला गेला आणि चिंतावार तयार झाला. खरे तर 'चिंतावार' हे एका माणसाचे नाव नव्हेच. तो साऱ्या घराचा आदरार्थी उल्लेख आहे.

'वार'च्या आधीचा भाग उलगडला की आणखी मजा येते. तेलुगूत चिंता म्हणजे चिंच, मामिडी म्हणजे आंबा, कोंडा म्हणजे डोंगर, तोटा म्हणजे बाग, पत्ती म्हणजे कापूस, नूने म्हणजे तेल, गादे म्हणजे धान्याची कणगी आणि गड्डम म्हणजे दाढी. आता मामीडवार, कोंडावार, तोटावार, पत्तीवार, नुनेवार, गादेवार, गड्डमवार ही आडनावे पुन्हा म्हणून पाहा. आपल्याकडच्या पिंपळे, आंबेकर, तेली, डोंगरे यांचीच ही भावंडे वाटतील. काही आडनावांत 'वार'च्या आधी 'ल' येतो, चिंतलवार, पप्पुलवार असा. हा 'ल' तेलुगूतला अनेकवचनाचा 'चा' आहे. चिंतल म्हणजे 'चिंचांचा'. पोरेड्डीवारमधला रेड्डी तर सांगावाही लागत नाही. काही घराण्यांनी झाडाऐवजी गावाचे नाव घेतले. गोदावरीकाठी चेन्नूर आणि मंथनी ही गावे आहेत. त्यांवरून चेन्नूरवार आणि मंथनवार.

मात्र 'वार' दिसला की लगेच तेलुगू म्हणू नका. आमच्या तालुक्यात पवार पुष्कळ. पवारातला 'वार' हा परमार शब्दाच्या झिजण्यातून आलेला आहे. त्याचा 'वारु'शी काही संबंध नाही. शब्द फोडून पुढे अर्थ राहतो का, ते आधी पाहावे.

ही आडनावे आढळतात कुठे? नकाशा समोर घ्या. गडचिरोली जिल्ह्यातले सिरोंचा, मग चंद्रपूर, राजुरा, वणी, पांढरकवडा, तिथून खाली किनवट, आणि पुढे नांदेड जिल्ह्यातले धर्माबाद, बिलोली, देगलूर. या गावांवरून एक रेघ ओढा. रेघेच्या पलीकडे आदिलाबाद, निझामाबाद, करीमनगर. 'वार' हा या रेघेचा रहिवासी आहे. रेघेपासून पश्चिमेकडे गेलात की तो विरळ होतो; साताऱ्या-कोल्हापुराकडे तो दिसलाच तर नोकरीनिमित्त गेलेला. आमचे महागाव या पट्ट्याच्या कडेला. धनोड्याला पैनगंगा ओलांडली की माहूर. ब्रिटिशांच्या काळात ही नदी वऱ्हाड आणि निझामाचे राज्य यांची सीमा होती. पण सीमा राज्यांची होती, माणसांची नव्हे. कापसाचा आणि गल्ल्याचा व्यापार, विणकाम, बांधकाम, शेती यांसाठी माणसे दोन्हीकडून ये-जा करीत राहिली.

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा ही रेघ नव्याने आखली गेली. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा इकडे आले. नांदेडचे मुधोळ, भैंसा तिकडे गेले. लोक जिथल्या तिथे होते, राज्य बदलले. त्याचा परिणाम आडनावांवर झाला. आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव अशी रीत. तेलुगूत घराण्याचे नाव आधी, तेही बहुधा एका अक्षरात. पी. व्ही. नरसिंह राव यांचे उदाहरण घ्या. त्यांच्या नावातला 'पी' म्हणजे पामुलपर्ती, हे त्यांचे इंटी पेरु. करीमनगर भागातले हे गृहस्थ १९८४ आणि १९८९ साली आपल्या रामटेकमधून लोकसभेवर निवडून गेले. त्यांचे पणजोबा वणीला येऊन स्थायिक झाले असते तर आपण त्यांना नरसिंहराव पामुलपर्तीवार म्हटले असते! एकाच घराण्यातला एक भाऊ नदीच्या त्या काठी 'जी.' या अक्षरात मावतो आणि दुसरा या काठी गड्डमवार होतो.

असे केवळ 'वार'चेच होते असे नाही. आमच्या तालुक्यातला बंजारा समाजातला राठोड आणि तेलंगणातला भुक्या हे एकाच कुळाचे असू शकतात. इकडे मोठ्या कुळाचे नाव आडनाव म्हणून लागले, तिकडे त्यातल्या पोटकुळाचे. शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या नाईक घराण्याला 'नाईक' हे नाव तांड्याच्या नायकपदावरून मिळाले. योगायोग पाहा, नोव्हेंबर १९६२ मध्ये मारोतराव कन्नमवार महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. नोव्हेंबर १९६३ मध्ये पदावर असतानाच त्यांचे निधन झाले आणि डिसेंबरमध्ये गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. एकामागून एक आलेली ही दोन आडनावे. एकात गोदावरीकाठची भाषा आणि दुसऱ्यात लमाणांच्या तांड्याची वाट. मुंबईत विक्रोळीला कन्नमवार नगर आहे. तिथे राहणाऱ्या किती जणांना आपल्या पत्त्यात एक तेलुगू सर्वनाम आहे हे ठाऊक असेल?

इंग्लंडात या विषयाचा अभ्यास फार पूर्वीपासून चालतो. तिथे १५३८ पासून चर्चच्या वह्यांत बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी आहेत. १८९० साली हेन्री गप्पी नावाच्या गृहस्थांनी शेतकऱ्यांची आडनावे जिल्हावार मोजून कोणते आडनाव कुठले ते सांगणारे पुस्तक काढले. १८८१ च्या जनगणनेतल्या नावांवरून तर आता एकेका दुर्मीळ आडनावाचा नकाशा काढता येतो. तेव्हा ते एका खोऱ्यात कसे होते आणि आज शहरांत कसे पांगले, हे दिसते. २००० साली ब्रायन साइक्स या शास्त्रज्ञांनी स्वतःच्याच आडनावाच्या पुरुषांची गुणसूत्रे तपासली. जवळपास निम्म्या जणांत एकाच पूर्वजाची खूण निघाली. आपल्याकडे १८८१ सालीच देशभर एकाच वेळी पहिली जनगणना झाली खरी. पण तिच्यातून आडनावांचे तक्ते कधी निघाले नाहीत, आणि आज जनगणनेतली व्यक्तिगत माहिती कायद्याने गुप्त असते. शिवाय 'वार'चा पूर्वज एक नव्हेच. आर्य वैश्य, पद्मशाली, मुन्नूर कापू, बेलदार अशा अनेक समाजांत तो आहे. 'वार' भाषा सांगतो. जात सांगत नाही आणि रक्तही सांगत नाही.

हे मुद्दाम सांगतो, कारण आडनावावरून माणूस जोखण्याची सवय आपल्याला फार. 'वार' ऐकले की कुणी म्हणतो, हे बाहेरचे. ज्यांच्या सात पिढ्या या काळ्या मातीत राबल्या, ज्यांच्या घरात आजी वऱ्हाडीत ओव्या म्हणते, ते बाहेरचे कसे? आणि 'कर'वाले तरी आपले गाव सोडूनच आलेले!

दुसरी अडचण कागदाची. माझ्या एका विद्यार्थ्याचे इंजिनिअरिंगचे प्रवेशपत्र हातात होते. जातपडताळणी मात्र अडकली. त्याच्या दाखल्यावर आडनाव 'वार'सह, वडिलांच्या शाळेच्या नोंदीत 'वार' नाही, आजोबांच्या सातबारावर काना वेगळा, आणि पणजोबांच्या कोतवाल बुकातल्या नोंदीत आडनावच नाही, फक्त नाव आणि 'वल्द अमुक'. चार कागद, चार माणसे असावीत असे वाटे. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० या तारखांपूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. नेमक्या त्याच काळात आडनावे स्थिरावत होती. लिहिणाऱ्याने कानाला आले तसे लिहिले. सांगणाऱ्याने 'वारु' म्हटले, लिहिणाऱ्याने कधी 'वार' लिहिले, कधी ते आदरार्थी समजून सोडून दिले. दोघांपैकी कुणीही चुकले नव्हते. पण साठ वर्षांनी एका मुलाचे वर्ष त्यात अडकले. वंशावळ, प्रतिज्ञापत्र, चुलत्यांचे दाखले, असे सगळे जोडत त्याने पावसाळा ते पावसाळा चकरा मारल्या. शेवटी काम झाले. मात्र ते आडनाव का बदलत गेले हे घरात कुणाला सांगता आले असते तर निम्म्या चकरा वाचल्या असत्या.

म्हणून ज्यांच्या आडनावात असा बदल असेल त्यांनी काही गोष्टी वेळेवर कराव्यात. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, जुना सातबारा, खरेदीखत यांच्या प्रमाणित प्रती मुलांचा दहावीचा निकाल लागण्याआधीच काढून ठेवाव्यात. वंशावळ लिहिताना प्रत्येक पिढीचे आडनाव त्या-त्या कागदात जसे आहे तसेच लिहावे. आज शुद्ध वाटते म्हणून जुन्या माणसाचे नाव दुरुस्त करू नये. आणि ऐकायला छोटे, छान वाटते म्हणून 'वार' उडवायचाच असेल तर राजपत्रातून रीतसर बदल करावा, आणि तोही सगळ्या भावंडांनी विचार करून.

अलीकडे आणखी एक बदल झाला आहे. १ मे २०२४ पासून आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचे नावही येते. आधी मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव. आईचे नाव आले, पण तिचे माहेरचे आडनाव कागदावर येत नाहीच. 'वार'ची अर्धी कहाणी अशीच माहेरच्या वाटेने हरवली आहे. धर्माबादची मुलगी पुसदला येते, पुसदची किनवटला जाते. तिच्यासोबत भाषा जाते, सण जातात, स्वयंपाक जातो, फक्त आडनाव मागे राहते.

तेव्हा श्रोतेहो, घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना चार प्रश्न विचारा. आपले मूळ गाव कोणते? कुलदैवत कुठले? घरात पूर्वी कोणती भाषा बोलत? आणि आजीचे माहेरचे आडनाव काय? उत्तरे वहीत तारखेसह लिहा. आडनावे आता पांगू लागली आहेत. पांढरकवड्याचा मामीडवार पुण्यात सदनिका घेतो, देगलूरचा तोटावार हैदराबादला जाऊन पुन्हा नुसता 'टी.' होतो. पन्नास वर्षांनी नकाशावरची ती रेघ पुसट होईल, आणि पुसट व्हावीही. माणसाने हिंडावे, शिकावे, जिथे भाकरी तिथे राहावे. पण कुणी उद्या आपल्या नातवाला विचारले, की बाळा, तुझ्या आडनावाचा अर्थ काय, तर त्याने नुसते हसू नये. म्हणावे, आमच्या घरासमोर कधीकाळी चिंचेचे झाड होते, आणि लोक आम्हाला आदराने 'चिंचेकडची मंडळी' म्हणत.