देवाचा कोश आणि दुकानाचा गल्ला

(काचीगुडा येथे महाजन कुटुंबीयांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



उत्सवाच्या निमित्ताने जमलेल्या मंडळींपुढे कीर्तन किंवा प्रवचन शोभावे. तेथे जमाखर्चासारखा रुक्ष विषय घेऊन उभे राहताना मनाला थोडा संकोच वाटतो. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या घरी लहानमोठा व्यवसाय आहे. कोणाचे किराणा दुकान आहे, कोणाचा छापखाना, कोणाच्या घरी भगिनी पापड-मसाल्याचा उद्योग चालवितात. व्यवसायात कष्ट करण्यास आपली माणसे मागे हटत नाहीत. मागे पडतो तो हिशेब. म्हणून लहान व्यावसायिकाला उपयोगी पडतील अशा हिशेबाच्या चार मूळ कल्पना आपल्यापुढे मांडाव्यात, एवढाच आजचा हेतू आहे.

काचीगुड्याला हिशेब नवा नाही. १९१६ साली उभारलेल्या येथील रेल्वे स्थानकातून नांदेड-परभणीकडची कितीतरी मराठी कुटुंबे या शहरात उतरली. निजामाच्या काळी येथील व्यापाऱ्याला दोन नाणी सांभाळावी लागत : संस्थानचा हाली सिक्का आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कलदार. शंभर कलदार रुपयांना हालीचे ११६ रुपये १० आणे ८ पै पडत. हाली आणि कलदार एकाच रकान्यात मांडून कोणी बेरीज केली असती, तर ती बेरीज निरर्थक ठरली असती. सर्व रकमा आधी एका चलनात आणावयाच्या, मगच मिळवावयाच्या, हा हिशेबशास्त्राचा पहिला पाठ त्या पिढीने पुस्तक न उघडताच गिरविला होता. आता हाली गेला, आणे-पै गेल्या. पण भिन्न गोष्टी एका रकान्यात मिसळण्याची चूक मात्र आपण अजूनही करतो. दुकानाचा पैसा आणि घरचा पैसा या त्या दोन गोष्टी होत.

येथे आपले महाजनपण आपल्या उपयोगी पडावे असे मला वाटते. देवस्थानच्या बाबतीत ही चूक आपण करीत नाही. देवाच्या पेटीतील रुपया खजिनदाराच्या हातात असतो, पण तो खजिनदाराचा नसतो. हे आपल्याकडे लहान मुलालाही सांगावे लागत नाही. हिंदुस्थानातील न्यायालयांनी तर देवता ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती आहे, तिच्या नावे मालमत्ता असू शकते, असे फार पूर्वीपासून मानले आहे. गोव्यातील देवस्थानांसाठी पोर्तुगीज राजवटीत १९३३ साली जी नियमावली झाली, तीही महाजनांच्या व्यवस्थापनाला हिशेबाच्या चौकटीत बसविते. आपण देवाचे सेवक आहोत, मालक नव्हे. म्हणून देवाचे खाते वेगळे.

हिशेबशास्त्राची पहिली संकल्पना नेमकी हीच आहे. व्यवसाय हा मालकाहून वेगळा धरावयाचा. कायद्याच्या दृष्टीने एकट्या माणसाचे दुकान आणि तो माणूस यांत भेद नसेल. कर्ज झाले तर सावकार त्याच्या घरापर्यंत येऊ शकेल. पण वहीपुरता भेद ठेवावाच लागतो. आपण दुकानात लाख रुपये घातले, तर दुकान आपले लाखाचे देणे लागते. आपण गल्ल्यातून शंभर रुपये घेतले, तर ती आपली उचल झाली. दुकानाचा खर्च नव्हे.

या संदर्भात आपल्या परंपरेतील दोन कथा आठवतात. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाचे धान्याचे कोठार भुकेल्या लोकांसाठी खुले केले. पुढे विठ्ठलाने विठूचे रूप घेऊन बीदरच्या दरबारी त्या धान्याची किंमत भरली आणि पावती घेतली, अशी श्रद्धा आहे. दुसरी कथा आपल्या या तेलंगणातली. भद्राचलमचे रामदास, म्हणजेच कंचर्ल गोपन्ना, यांनी सरकारी महसुलाच्या पैशातून रामाचे देऊळ बांधले, म्हणून तानाशहाने त्यांना गोवळकोंड्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. तेव्हा प्रत्यक्ष राम-लक्ष्मणांनी येऊन ती रक्कम चुकती केली आणि तिची पावती मिळविली, असे आख्यान सांगते.

भक्तिभावाने आपण या कथा ऐकतो, ते योग्यच आहे. पण हिशेबनिसाच्या कानांना त्यांत आणखी एक गोष्ट ऐकू येते. भुकेल्याला अन्न देणे आणि देऊळ बांधणे, याहून चांगला हेतू कोणता? तरीही हेतू चांगला होता म्हणून ते धान्य दामाजींचे झाले नाही आणि तो महसूल गोपन्नांचा झाला नाही. ज्याचे त्याला पोहोचेपर्यंत खाते उघडेच राहिले. देवानेही ‘माफ करा’ असे म्हटले नाही. रक्कम भरली आणि पावती घेतली. मुलीच्या लग्नासाठी, मुलाच्या शिक्षणासाठी गल्ल्यात हात घालणाऱ्या गृहस्थाचा हेतूही चांगलाच असतो. पण ती रक्कम नोंदली गेली पाहिजे.

आता दुसरी संकल्पना, जमा आणि नावे. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. पैसा कोठून तरी येतो आणि कोठे तरी जातो. आपल्या जुन्या रोजकिर्दीत ज्याच्याकडून रक्कम आली त्याच्या नावाने जमा आणि ज्याला दिली त्याच्या नावे खर्च, अशी मांडणी होती. मग खतावणीत ज्याचे त्याचे खाते. युरोपात लुका पाचोली नावाच्या ख्रिस्ती साधूने १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या आपल्या गणिताच्या ग्रंथात दुहेरी नोंदीची पद्धत व्यवस्थित लिहून काढली. व्यापाऱ्याने वहीचा आरंभ ईश्वराच्या नावाने करावा, असेही त्याने सांगितले आहे. लक्ष्मीपूजनाला वहीवर ‘श्री’ काढणाऱ्या आपल्याला यात परके काय वाटावे?

हे सारे एका उदाहरणाने पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण आकडे नीट लक्षात ठेवावेत. समजा, एका गृहस्थाने १,००,००० रुपये घालून मसाल्याचे दुकान काढले. ६०,००० रुपयांचा माल रोखीने घेतला. कपाट आणि वजनकाटा यांना २४,००० रुपये पडले. हातात उरले १६,०००. पहिल्या महिन्यात त्याने ४०,००० रुपये खरेदीचा माल ५२,००० रुपयांना विकला. त्यांपैकी ३०,००० रोख आले आणि २२,००० उधारीवर राहिले. भाडे, वीज आणि मजुरी मिळून ६,००० रुपये दिले. महिनाअखेर गल्ल्यात ४०,००० रुपये शिल्लक आहेत. गृहस्थ खूश आहेत. त्यांनी घरखर्चाला १५,००० रुपये नेले.

या महिन्यात नफा किती झाला? विक्रीतून मालाची किंमत वजा जाता १२,००० राहिले. खर्चाचे ६,००० गेले, उरले ६,०००. कपाट आणि काटा पाच वर्षे टिकतील असे धरले, तर महिन्याला ४०० रुपये त्यांची झीज होते. हिशेबात हिला घसारा म्हणतात. ती वजा करता निव्वळ नफा ५,६०० रुपये. म्हणजे गृहस्थांनी जे १५,००० घरी नेले, त्यांत ५,६०० नफ्याचे आणि ९,४०० भांडवलाचे होते. हा क्रम असाच चालला, तर अकराव्या महिन्यात मूळचे लाख रुपये संपलेले असतील. ते लगेच दिसणारही नाही. कारण तोवर घाऊक व्यापारी उधारीवर माल देत राहील आणि गल्ल्यात रोज पैसे खुळखुळत राहतील. गल्ला म्हणजे नफा नव्हे, ही तिसरी संकल्पना. कित्येक दुकाने विक्रीअभावी बंद पडत नाहीत; ती अशी नकळत खाल्ली जातात.

याच दुकानाचा ताळेबंद मांडू. रोख २५,०००, उधारीचे येणे २२,०००, शिल्लक माल २०,०००, कपाट आणि काटा २३,६००. एकूण मालमत्ता ९०,६०० रुपये. दुसऱ्या बाजूला मालकाचे भांडवल १,००,०००, त्यात नफा ५,६०० मिळविला आणि उचल १५,००० वजा केली, म्हणजे ९०,६००. दोन्ही बाजू जुळल्या. हे जुळणे योगायोगाने होत नाही. प्रत्येक व्यवहार दोन्ही बाजूंनी नोंदला, की ते होणारच.

आणि जुळले नाही तर? येथे देवगिरीची कथा सांगितल्याशिवाय राहवत नाही. जनार्दनस्वामींच्या घरी हिशेब पाहणाऱ्या एकनाथांना एका पैचा फरक सापडेना. रात्रभर जागून तो सापडला, तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी वाजविली. एका पैसाठी एवढे जागरण कशाला, असे आपल्याला वाटेल. पण अनुभवी हिशेबनीस जाणतो की फरक एका पैचा दिसला, तरी त्यामागे दोन मोठ्या चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असू शकतात. म्हणून लहान फरक ‘किरकोळ’ या खात्यात ढकलून देऊ नये. याच्या उलटही ध्यानात ठेवावे. ताळेबंद जुळला, एवढ्याने हिशेब खरा ठरत नाही. जो व्यवहार वहीत आलाच नाही, तो वगळूनही बाजू जुळतात.

म्हणून चौथी संकल्पना पुराव्याची. नोंदीमागे कागद हवा. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ लागू झाला, पण हे तत्त्व बदलले नाही. व्यवसायात नियमितपणे ठेवलेल्या वह्यांतील नोंद न्यायालयात पुढे करता येते. मात्र केवळ त्या नोंदीवर कोणावर देणे लादता येत नाही. आपण वहीत ‘अमुककडून येणे’ असे लिहिले, तेवढ्याने तो देणेकरी ठरत नाही. बिल, पावती, सही यांचा आधार लागतो. हल्ली मोबाईलवरून पैसे येतात, त्यांचा माग बँकेत राहतो, ही सोय झाली. पण पैसे कशाचे आले, हे बँक सांगत नाही. ते आपणच त्या दिवशी लिहिले पाहिजे.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर सुरू झाला. ज्यांची नेहमीच्या पद्धतीने नोंदणी आहे, त्यांनी गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर आपल्या विक्रीत धरू नये. तो सरकारचा पैसा आपल्याकडे ठेवीसारखा आहे. खरेदीवर भरलेल्या कराची रीतसर वजावट घेऊन उरलेला भरावयाचा. ही रक्कम गल्ल्यात मिसळली आणि खर्च झाली, तर आपल्या हातून दामाजींचेच कृत्य घडले असे समजावे. फरक एवढाच, की आपल्यासाठी बीदरला जाऊन पैसे भरणारा कोणी येईलच, याचा भरवसा नाही.

या सर्वांतून घरी नेण्यासारखे थोडक्यात सांगतो. दुकानाचे बँकखाते घरच्या खात्याहून वेगळे उघडावे. मालकाने स्वतःसाठी महिन्याची ठराविक रक्कम नेमून घ्यावी; ती नफा पाहून ठरवावी, गल्ला पाहून नव्हे. रोजकीर्द त्याच दिवशी लिहावी आणि रात्री प्रत्यक्ष रोकड मोजून शिल्लक ताडून पाहावी. उधारीची यादी महिन्याला वाचावी. जी वसूल होण्याची आशा नाही, तिला येणे म्हणून मिरवू नये. दुकानातील माल घरी वापरला, तरी तो खरेदीच्या किमतीने उचलीत लिहावा.

भगिनींना विशेष विनंती. आपल्या उद्योगात घरचा गॅस, घरचे तेल आणि आपले स्वतःचे श्रम जातात. त्यांची किंमत मांडली नाही, तर भाव ठरविताना आपण स्वतःलाच फसवितो. तसेच वडिलांनी मुलाच्या दुकानात घातलेला पैसा देणगी होती, कर्ज होते की भागीदारीचे भांडवल, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. वडील आहेत तोवर हा प्रश्न कोणी विचारीत नाही. ते गेल्यावर सख्खे भाऊ तोच प्रश्न एकमेकांना विचारतात, आणि तेव्हा उत्तर द्यावयाला वहीखेरीज कोणी उरलेले नसते. स्वच्छ हिशेबाने पैसा वाचतो हे खरेच. पण माणसे वाचतात, हे मला अधिक मोलाचे वाटते.

देवाच्या पेटीतील रुपयाला आपण जो आदर देतो, तोच आपल्या दुकानाच्या रुपयाला द्यावा, एवढेच माझे मागणे आहे.